लॅटिनचे पाय, थाईचे डोके

लॅटिन लिपीतल्या छापील अक्षराला पाय असतात. इंग्रजी पुस्तकाचे कोणतेही पान डोळ्यांजवळ धरले तर उभ्या रेघेच्या तळाशी आणि माथ्याशी एक बारीक आडवी पट्टी दिसते. त्या पट्टीला सेरिफ म्हणतात. रोमन शिलालेखांतील दगडी अक्षरांपासून आजच्या कादंबरीच्या पानापर्यंत ती टिकून आहे आणि 'पुस्तकी' अक्षर म्हटले की युरोपीय वाचकाच्या डोळ्यांसमोर तीच उभी राहते. थाई लिपीतल्या अक्षराला असे पाय नाहीत. त्याला डोके आहे. बहुतेक थाई व्यंजनांची सुरुवात एका लहानशा वाटोळ्या गाठीने होते. थाई भाषेत या गाठीला 'हुआ', म्हणजे डोकेच, म्हणतात. शाळेत मूल अक्षर गिरवायला बसते तेव्हा आधी हे डोके काढते आणि मग रेघ पुढे नेते.

या दोन लिपी एकाच पानावर, एकाच घराण्याच्या वाटाव्यात अशा रीतीने छापायच्या असतील तर काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता मुद्राक्षरे घडवणाऱ्या कारागिरांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण एवढेच, की या प्रश्नाला थाई छपाईच्या इतिहासात दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली. एका उत्तरात अक्षराचे डोके शाबूत राहिले. दुसऱ्यात ते उडाले. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांची समजूत मात्र आपण सेरिफचेच, किंवा सेरिफ नसण्याचेच, भाषांतर करीत आहोत अशी होती.

आधी या डोक्याचे काम पाहू. थाई लिपी ख्मेर लिपीतून आणि ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून आली, त्यामुळे तिची वर्णमाला मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. आपल्याकडे मूल 'क कमळातला' म्हणते, तसे थाई मूल प्रत्येक अक्षर एका शब्दाशी जोडून शिकते. त्यांच्याकडे एक 'मधमाशीतला फ' आहे आणि एक 'तबकातला फ'. पहिला आपल्या फ-च्या जागचा आणि दुसरा मुळात ब-च्या जागचा. पण थाई उच्चारात त्या ब-चाही फ झाला. त्यामुळे संस्कृतातून गेलेले 'फल' आणि 'बल' हे दोन्ही शब्द थाई माणूस 'फोन' असेच उच्चारतो. त्यांच्यातला फरक सुराचा, कारण पहिल्याचा सूर चढता आहे आणि दुसऱ्याचा सपाट. लिहिताना हा फरक दाखवते ते डोके. मधमाशीतल्या फ-चे डोके अक्षराच्या पोटात वळते, तबकातल्या फ-चे बाहेर. 'पिशवीतला थ' आणि मूळ भ-च्या जागचे 'गलबतातले' अक्षर यांची गतही तीच आहे. बाकी अंग जवळजवळ सारखेच असून एकाची गाठ आत वळते आणि दुसऱ्याची बाहेर. राजे भूमिबल यांच्या नावात गलबतातले अक्षर येते आणि तबकातलेही.

आपल्याला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. घ आणि ध, म आणि भ या जोड्या पाहा. शिरोरेघ तोडून डोक्याशी जी छोटी गाठ मारतो, तिच्या बळावर 'घन' आणि 'धन', 'मास' आणि 'भास' वेगळे राहतात. एखाद्या नक्षीकाराने ती गाठ 'जुनाट' ठरवून काढून टाकली तर आपण त्याला शैली म्हणणार नाही. थाई लिपीत अशी अक्षरे पुष्कळ आहेत, एवढाच फरक.

*

सयाममध्ये छापलेल्या पहिल्या ज्ञात पुस्तकात थाई भाषा होती, थाई लिपी नव्हती. 1796 साली बँकॉकच्या सांता क्रूझ चर्चमध्ये बिशप गार्नो यांनी छापलेली ती ख्रिस्ती प्रश्नोत्तरी रोमन अक्षरांत आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला इथे 1616 साल आणि गोव्यातले राचोल आठवल्याशिवाय राहणार नाही. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातली मराठी अशीच रोमन खिळ्यांत उतरली होती. पावणेदोनशे वर्षांच्या अंतराने आणि हजारो मैलांच्या फरकाने मिशनऱ्यांची अडचण एकच होती. भाषा अवगत झाली होती, पण अक्षरे ओतलेली नव्हती.

अक्षरे ओतण्याचे काम झाले ते सयामच्या बाहेर, आणि तिथे आपला व थाईचा रस्ता आणखी एकदा मिळतो. रंगूनमध्ये अ‍ॅन जडसन या अमेरिकन मिशनरी बाईंनी तिथल्या सयामी वस्तीकडून थाई शिकून घेतली. मुद्रक जॉर्ज हाउ यांच्या मदतीने थाई खिळे तयार झाले आणि 1819 मध्ये एक थाई प्रश्नोत्तरी बंगालमध्ये सेरामपूरला छापली गेली. याच सेरामपूरहून विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मोडी खिळ्यांत छापलेला मराठी कोश 1810 मध्ये निघाला होता. त्या प्रश्नोत्तरीची प्रत आज उपलब्ध नाही. थाई खिळ्यांचे सर्वांत जुने हाती येणारे पुस्तक म्हणजे जेम्स लो यांचे थाई व्याकरण. तेही कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन छापखान्यात 1828 मध्ये छापलेले. इंग्रजी विवेचनाच्या ओळींमध्ये थाई शब्द येणार, असे हे पुस्तक आहे. म्हणजे लॅटिन आणि थाई यांची एकाच पानावरची ही आरंभीची भेट हुगळीच्या काठी झाली, चाओ फ्रायाच्या काठी नव्हे.

चाओ फ्रायाच्या काठी छापखाना आणला तो डॉ. डॅन बीच ब्रॅडली यांनी. 1835 मध्ये ते सिंगापूरमार्गे बँकॉकला पोहोचले. 1836 मध्ये त्यांच्या मिशनने थाई लिपीतले पहिले पत्रक छापले आणि 1839 मध्ये तिसऱ्या रामाच्या दरबाराने अफूबंदीच्या फर्मानाच्या नऊ हजार प्रती त्यांच्याकडून छापून घेतल्या. 1841 मध्ये बँकॉकमध्येच थाई खिळे ओतले गेले. ब्रॅडलींच्या सुरुवातीच्या अक्षरांचे वळण चौकोनी होते, पुढे ते वाटोळे झाले. मोम राचोथाई यांच्या लंडनप्रवासावरील विरहकाव्याचे हक्क ब्रॅडलींनी 1861 मध्ये चारशे बाट देऊन विकत घेतले. थाई वाङ्मयातला मोबदला देऊन झालेला हा पहिला हक्कव्यवहार मानतात. धर्मप्रसाराला आलेल्या वैद्याच्या हातून एका देशाच्या प्रकाशनव्यवसायाची पायाभरणी व्हावी, ही गंमत आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकाला नवीन नाही.

या साऱ्या काळात थाई अक्षराची रेघ बहुधा एका जाडीची होती आणि लॅटिन अक्षराशी तिचे नाते शेजाऱ्याचे होते. बिशप पालेगुआ यांचा 1854 मध्ये पॅरिसला छापलेला मोठा थाई कोश त्याचा उत्तम नमुना आहे. थाई शब्द, त्याचे रोमन लिप्यंतर आणि लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी अर्थ अशा स्तंभांत ते पान विभागलेले आहे. एका अक्षराने दुसऱ्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा त्या पानावर कुणीही ठेवलेली नाही.

ही अपेक्षा पहिल्यांदा ठेवली ती एका थाई माणसानेच, आणि तो माणूस साधा नव्हता. पुढे चौथा राम म्हणून गादीवर आलेले मोंगकुट त्या वेळी भिक्षू होते. पालेगुआ त्यांचे शेजारी. एकाने दुसऱ्याला पाली शिकवावी, दुसऱ्याने लॅटिन, असा त्यांचा व्यवहार होता. मोंगकुट यांनी 1840 च्या दशकात पाली ग्रंथ छापण्यासाठी 'आरियक' नावाची एक नवीनच लिपी रचली. तिची अक्षरे लॅटिन आणि ग्रीक वळणांच्या जवळची आहेत. स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर, खाली किंवा आधी न येता लॅटिनप्रमाणे त्याच ओळीत व्यंजनानंतर येतात. वत बोवोन्निवेत या विहारात तिचे छापकामही झाले. लिपी टिकली नाही. तरी मला ही घटना फार बोलकी वाटते. छपाईयंत्राला ओळ लागते, आणि ब्राह्मीच्या कुळातल्या लिपी एका ओळीत राहायला तयार नसतात. थाईमध्ये व्यंजनाच्या खाली एक मजला आहे, वर स्वराचा एक मजला आणि त्याच्याही वर सुराच्या खुणेचा. देवनागरीच्या जुळाऱ्याला वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर बसवताना जे सायास पडत, त्याचीच ही थाई आवृत्ती. मोंगकुट यांनी मजले पाडून बैठे घर बांधले. 1917 मध्ये त्यांचे नातू सहावे राम, राजे वचिरावुध, यांनीही स्वर ओळीत आणण्याची नवी पद्धत मांडली. तीही लोकांनी स्वीकारली नाही.

यंत्रापुढे लिपीने माघार घेतल्याची एक जागा मात्र आहे, तिचा उल्लेख करून पुढे जाऊ. 1892 मध्ये एडविन मॅकफार्लंड यांनी अमेरिकेत पहिला थाई टंकलेखक बनवून घेतला, तेव्हा कळा पुरल्या नाहीत म्हणून दोन व्यंजने गाळली गेली. ती दोन्ही अक्षरे आजही वर्णमालेत मोजली जातात, मुले ती पाठ करतात आणि कुणीही ती लिहीत नाही.

*

1913 साली थाई मुद्रणात जे अक्षर आले त्याचे नावच 'फरांगसेस', म्हणजे 'फ्रेंच'. बँकॉकच्या कॅथलिक मिशनच्या छपाईशी त्याचा संबंध आहे. थाई अक्षराच्या रेघेत जाड आणि बारीक असा भेद आणणारे हे पहिले मुद्राक्षर. इथे जरा थांबले पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

लॅटिन सेरिफ अक्षरात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एक म्हणजे टोकाची पट्टी, आणि दुसरी म्हणजे रेघेचा चढउतार. उभी रेघ जाड, आडवी बारीक, वळणावर एकीतून दुसरीत हळूहळू उतरणारी. युरोपीय वाचकाला त्या दोन कधी वेगळ्या दिसत नाहीत, कारण त्याच्या पुस्तकात त्या चारशे-पाचशे वर्षे जोडीनेच आल्या आहेत. लॅटिनच्या बाहेर पाऊल टाकले की जोडी फुटते. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत जाड-बारीक भरपूर आहे आणि लॅटिन अर्थाने पट्टी कुठेच नाही. शिवाय बोरूचा काप उलटा असल्यामुळे जाडी येते तीही लॅटिनच्या विरुद्ध तिरकसात. तेव्हा 'सेरिफ थाई' घडवायची म्हणजे या दोहोंतले काय घ्यायचे हे आधी ठरवावे लागते.

फरांगसेसने रेघेचा चढउतार घेतला आणि पट्टी सोडून दिली. उभे खांब जाड झाले, कमानी आणि डोक्याच्या गाठी बारीक राहिल्या. गाठ जिथे होती तिथेच राहिली, आत वळायची ती आत, बाहेर वळायची ती बाहेर. माझ्या मते हा निर्णय अतिशय शहाणपणाचा होता, आणि तो कुणा सिद्धान्ताने घेतलेला नसून कामाच्या ओघात घेतला गेला असावा म्हणूनच तो अधिक शहाणा वाटतो. पानाकडे दुरून पाहिले तर लॅटिन आणि थाई दोन्ही मजकुरांची घनता जुळते, काळ्या-पांढऱ्याची लय सारखी वाटते. जवळ गेले तर प्रत्येक लिपी आपापल्या अवयवांनिशी उभी असते. फरांगसेस अतोनात लोकप्रिय झाले. त्याचे वंशज संगणकाच्या काळापर्यंत थाई पुस्तकांच्या आणि कागदपत्रांच्या पानांवर वावरत राहिले.

एक अडचण मात्र या उत्तराच्या पोटातच होती. गाठ ही आधीच इवलीशी. ती बारीक रेघेने काढली की लहान आकारात पुसट होते आणि जाड रेघेने काढली की तिच्यातले भोक बुजते. लॅटिनच्या ठळक अक्षरात पट्टीला फारशी इजा होत नाही. थाईच्या ठळक अक्षरात डोक्याचा शाईचा ठिपका होतो. ही कारागिराची रोजची डोकेदुखी आहे, आणि पुढच्या उत्तराला मिळालेल्या स्वागतामागे तिचाही वाटा आहे.

*

दुसरे उत्तर पुस्तकाच्या पानावरून आले नाही, जाहिरातीतून आले. 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये घडलेले हेल्व्हेटिका हे बिनसेरिफचे अक्षर पुढच्या दोन दशकांत जगभरच्या कंपन्यांचे अक्षर झाले. बँकॉकच्या जाहिरातीत लॅटिन नावाशेजारी तितकेच गुळगुळीत, तितकेच 'आधुनिक' थाई अक्षर हवे होते. मानोप श्रीसोमपोर्न यांनी ते दिले. 1973 मध्ये घासून उमटवायच्या लेट्रासेटच्या कागदांवर त्यांचे 'मानोप्टिका' बाजारात आले. नावातच हेल्व्हेटिकाचा प्रतिध्वनी आहे. मानोप यांनी केलेले समीकरण असे: लॅटिनने पाय काढले, म्हणून थाईने डोके काढावे.

डोके काढताच थाई अक्षरे चमत्कारिकपणे लॅटिनसारखी दिसू लागली. 'र'चे अक्षर एस-सारखे, 'न'चे यू-सारखे, 'थ'च्या एका अक्षराचे वळण एन-सारखे आणि तबकातला फ डब्ल्यू-सारखा. दुकानाच्या पाटीवर हे खपून जाते, किंबहुना तिथे तेच हवे असते. आणि हे तर लक्षात घेतलेच पाहिजे की बिनडोक्याचे अक्षर ही काही केवळ परदेशी लागण नव्हे. घाईने लिहिणाऱ्या प्रौढ थाई माणसाच्या हस्ताक्षरात गाठी गळतातच, आणि सुखोथाईच्या जुन्या शिलालेखांतही आजच्यासारखी ठसठशीत वाटोळी डोकी नाहीत. म्हणजे गाठीला सनातन ठरवून मानोप यांना दोष देणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांचे काम बिनतोड आहे. प्रश्न त्यांच्या अक्षराचा नाही, त्यामागून रुजलेल्या उलट्या अनुमानाचा आहे. डोके काढणे म्हणजे सेरिफ काढणे असेल, तर डोके म्हणजेच सेरिफ ठरते. आणि सेरिफ हा युरोपातला अलंकार आहे, ठेवला तर जुन्या वळणाचा, काढला तर नव्या. अशा तऱ्हेने 'फल' आणि 'बल' वेगळे ठेवणारा अवयव हळूहळू आवडीनिवडीच्या सदरात जाऊन बसला.

या अनुमानाविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा थाई संगणकातच आहे, आणि तो पुरावा म्हणून कुणी तिथे ठेवलेला नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या थाई अक्षरसंचांना फुलझाडांची नावे इंग्रजी वर्णक्रमाने दिलेली आहेत: अंगसाना, ब्रोवालिया, कॉर्डिया, डिलेनिया, युक्रोशिया, फ्रीशिया. युनिटी प्रोग्रेस नावाच्या कंपनीने ते घडवले. यातले अंगसाना हे थेट फरांगसेसच्या वंशातले. त्याचे थाई जाड-बारीक रेघेचे आणि सोबतचे लॅटिन टाइम्सच्या वळणाचे, म्हणजे सेरिफचे. ब्रोवालिया आणि कॉर्डिया यांची थाई रेघ एका जाडीची आणि सोबतचे लॅटिन बिनसेरिफचे. आणि तिन्हींत थाई अक्षराचे डोके जसेच्या तसे आहे. म्हणजे ज्यांनी रोजच्या कामकाजाची अक्षरे घडवली, त्यांनी सेरिफ आणि बिनसेरिफ हा भेद रेघेच्या चढउताराने दाखवला, 1913 च्या रीतीने. डोक्याला त्यांनी हात लावला नाही.

सरकारनेही नकळत तीच साक्ष दिली. थाई सरकारच्या दोन खात्यांनी 2007 मध्ये तेरा 'राष्ट्रीय' अक्षरसंच सर्वांसाठी खुले केले. 2010 मध्ये मंत्रिमंडळाने सर्व सरकारी कार्यालयांना ते वापरायला सांगितले. त्यांतले 'सारबन' आज थाई सरकारी पत्राचे अक्षर झाले आहे. (नावाच्या उत्तरार्धात आपले 'पर्ण' लपलेले आहे.) सारबनचे थाई गाठदार आणि लॅटिन बिनसेरिफचे. डोके म्हणजे सेरिफ हे समीकरण खरे असते तर ही जोडी विजोड दिसली असती. ती दिसत नाही.

अंगसानाची गोष्ट निघालीच आहे तर तिचे एक दुखणेही सांगितले पाहिजे, कारण दोन लिपींची सोयरीक नुसती रूपाने ठरत नाही, उंचीनेही ठरते. थाई विद्यापीठांतल्या प्रबंधांचा मजकूर 16 पॉइंटांत मागतात. आपल्या विद्यार्थ्याला हे ऐकून नवल वाटेल, कारण इंग्रजी प्रबंध 12 पॉइंटांत होतो. याचे कारण असे, की अक्षराच्या आकाराचे माप आणि ओळीची उंची लॅटिनच्या गरजेने ठरलेली. त्याच चौकटीत थाईचे चार मजले बसवायचे, म्हणून व्यंजनाचा मुख्य मजला आखूड करावा लागला आणि सोबतचे लॅटिनही त्याच्या बेताने लहान झाले. मग वाचता यावे म्हणून सगळेच 16 पॉइंटांपर्यंत ताणायचे. त्या मजकुरात बाहेरून दुसऱ्या संचाचा इंग्रजी शब्द आला की तो लहानांच्या पंगतीत मोठा माणूस बसावा तसा दिसतो. थाईमध्ये लहान-मोठी लिपी हा भेद नाही. म्हणून थाई व्यंजनाची उंची लॅटिनच्या लहान अक्षराशी जुळवावी की मोठ्या, याचे सरळ उत्तर नाही. बरे कारागीर ती दोहोंच्या मध्ये कुठेतरी धरतात. थाई शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडत नाहीत, ती वाक्य किंवा वाक्यांश संपल्यावर येते. त्यामुळे थाई ओळ अखंड पट्ट्यासारखी आणि लॅटिन ओळ तुकड्यातुकड्यांची दिसते. हे अंतर कोणत्याही सेरिफने भरून निघणारे नाही, आणि ते भरून काढण्याचा अट्टहास का करावा हेही मला कळत नाही.

*

गेल्या दोन दशकांत हे काम बऱ्याच जाणतेपणाने होऊ लागले आहे. 2002 मध्ये बँकॉकला स्थापन झालेल्या कॅडसन डेमाक या संस्थेने गूगलच्या खुल्या संग्रहासाठी लॅटिन-थाई जोडीचे अनेक संच घडवले. त्यांतल्या काहींची नावे मराठी माणसाला अनुवादाशिवाय कळतात: मैत्री, मित्र, कनित (म्हणजे गणित). सेरिफच्या बाजूचे तीन संच शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. 'त्रिरोंग'मध्ये लॅटिन जाड-बारीकाचा टोकाचा भेद करणारे आणि थाई गाठदार आहे. 'मैत्री'तही थाई गाठदार, पण लॅटिनच्या पट्ट्या ठोकळेबाज. 'प्रिदी'चे लॅटिन मात्र सेरिफचे असून थाई बिनडोक्याचे. म्हणजे एकाच कार्यशाळेत दोन्ही उत्तरे एकत्र नांदताना दिसतात, आणि निवड वापरणाऱ्यावर सोडलेली आहे. आयबीएमच्या प्लेक्स या संचाची थाई जोडीही गाठीची व बिनगाठीची अशी दोन्ही प्रकारची मिळते.

गूगलच्या 'नोटो सेरिफ थाई'चा मार्ग मला सर्वांत शंकास्पद वाटतो. जगातल्या सर्व लिपींना एका सुसंवादी रूपात आणण्याची नोटोची प्रतिज्ञा आहे, आणि तिथे 'सेरिफ' हे नाव थाईला लावायचे म्हणून डोक्याच्या जागी लॅटिनच्या पट्टीची आठवण देणारे छोटे टोक आले आहे. जाड-बारीक आहे, पाय आहेत असेही वाटते, आणि गाठ नाही. फरांगसेसने जे सोडले ते इथे घेतले आणि त्याने जे राखले ते सोडले. मथळ्यासाठी हे अक्षर देखणे आहे. चारशे पानांची कादंबरी यात वाचायला द्यावी असे मला वाटत नाही, कारण थाई वाचकाचा डोळा जिथून अक्षर ओळखायला सुरुवात करतो ती जागाच बदललेली आहे. नोटोच्याच बिनसेरिफ संचाला नंतर 'गाठदार' अशी वेगळी आवृत्ती जोडावी लागली, यावरून मागणी कुठली होती हे उघड आहे. त्या नावाची गंमत मात्र ध्यानात घ्यावी. मूळ रूप 'थाई' आणि ज्याला डोके आहे ते 'थाई, गाठदार'. शंभर वर्षांत विशेषण इकडून तिकडे गेले.

हे आपल्यालाही नवे नाही. संगणकावर देवनागरी म्हटली की हिंदीचा ल आणि हिंदीचा श आपोआप उमटतात, आणि देठावर झुकलेला मराठी ल हवा असेल तर तो संचात 'मराठीसाठी पर्यायी रूप' म्हणून शोधावा लागतो, असलाच तर. बँकॉकच्या पुस्तकांच्या दुकानात आज कादंबरीच्या मुखपृष्ठावर बहुधा बिनडोक्याचे नाव असते, आणि पुस्तक उघडले की आतल्या मजकुराच्या ओळीत प्रत्येक फ आपले डोके आत किंवा बाहेर वळवून बसलेला असतो.